प्रबंध दिसतो, आकडे दिसत नाहीत

'शोधगंगा'वर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा कुठलाही प्रबंध उघडला की फायलींची उतरंड समोर येते. पहिल्या फाइलीत शीर्षक, मग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, शेवटी संदर्भ. सगळ्या पीडीएफ. समजा, प्रबंध पैठण तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. चौथ्या प्रकरणात तक्ते आहेत: विहिरीचा क्रमांक, महिना, लिटरमागे किती मिलिग्रॅम. तक्ता डोळ्यांना दिसतो, पण त्यावर पुढचे काम करायचे तर एकेक आकडा हाताने उतरवून घ्यावा लागतो. हा तक्ता ज्या एक्सेल फाइलीतून निघाला ती कुठे आहे? संशोधकाच्या जुन्या लॅपटॉपवर, गाइडच्या कपाटातल्या पेनड्राइव्हमध्ये, आणि बऱ्याचदा कुठेच नाही.

या हरवलेल्या फाइलीला घर देणे हे खुल्या विज्ञानातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे काम आहे. आपल्याकडे निबंध आणि प्रबंध खुले करण्यापर्यंत गाडी आली आहे. आकड्यांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

खुल्या विज्ञानात काय काय येते

संशोधनाचे निष्कर्ष पैसे न मोजता वाचायला मिळावेत, ही मागणी २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने जगासमोर ठेवली. पुढे मागणी वाढत गेली. निष्कर्षाबरोबर मूळ डेटा हवा, तो ज्या प्रोग्रॅमने तपासला तो हवा, नोंदी घेण्याची पद्धत हवी. नोव्हेंबर २०२१मध्ये युनेस्कोने खुल्या विज्ञानाची शिफारस मंजूर केली, तिच्यात हे सगळे एकत्र आले.

डेटा नुसता कुठेतरी टाकून दिला म्हणजे खुला झाला असे नाही. २०१६मध्ये काही शास्त्रज्ञांनी चार कसोट्या मांडल्या. डेटा शोधला तर सापडावा, सापडला तर मिळवण्याची वाट स्पष्ट असावी, दुसऱ्याच्या डेटाशी तो जोडता यावा आणि पुन्हा वापरता यावा. यातली तिसरी कसोटी सगळ्यात अवघड जाते. मराठवाड्याची उदाहरणे पुढे आली की ते पटेल.

शोधगंगेने काय साधले

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या पीएचडी नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. ती ठेवायची जबाबदारी गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राकडे आली आणि तिथे शोधगंगा उभी राहिली. खाली चालते ते 'डीस्पेस' नावाचे फुकट सॉफ्टवेअर. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकर्ड यांनी मिळून ते २००२मध्ये लोकांना देऊन टाकले. आज शोधगंगेवर पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. श्रेय देऊन, धंदा न करता, त्याच अटींवर पुढे देण्याच्या बोलीवर ते कुणालाही वापरता येतात.

याआधी परभणीच्या कृषी विद्यापीठातला प्रबंध पाहायचा तर परभणी गाठावी लागे, ग्रंथालयात ओळखपत्र दाखवावे लागे आणि समोर बसून टिपणे काढावी लागत. एकाच विषयावर दोन विद्यापीठांत दोघे जण वर्षानुवर्षे काम करत आणि एकमेकांचा पत्ता नसे. ते थांबले. उचलेगिरीही लपेनाशी झाली. माझ्या मते खुल्या विज्ञानात भारताने केलेले सर्वांत मोठे काम हेच आहे, आणि चर्चासत्रांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते सरकारी आहे, दिसायला साधे आहे, एवढेच कारण असावे.

पण नियमाने मागितला तो प्रबंध. त्यामागचा डेटा मागितला नाही, म्हणून तो कुणी दिलाही नाही.

वाचायला मिळणे आणि खुले असणे

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक सरकारी संस्था. २०२५च्या जानेवारीपासून ती सुरू झाली. ज्या ग्रंथालयाला एखादे महागडे परदेशी नियतकालिक परवडत नव्हते, तिथल्या विद्यार्थ्याला ते आता उघडता येते. फायदा खरा आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही.

मात्र याला खुले विज्ञान म्हणू नये. कुलूप तसेच आहे, सरकारने किल्ल्या एकगठ्ठा विकत घेतल्या. गंगापूरची निवृत्त शिक्षिका, वैजापूरचा स्वतंत्र अभ्यासक किंवा तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर यांच्या हाती त्यातली एकही नाही. आणि आपलाच संशोधक परदेशी नियतकालिकात लेख जगाला खुला करून छापू म्हणाला, तर त्याच्याकडून फी मागितली जाते. ती कधी लाखाच्या घरात जाते.

धोरणे आहेत

धोरणांचा दुष्काळ नाही. २०१२च्या राष्ट्रीय डेटा धोरणाने सांगितले की, सार्वजनिक पैशातून गोळा झालेला आणि संवेदनशील नसलेला डेटा लोकांना द्यावा. त्यासाठी सरकारचे खुल्या डेटाचे संकेतस्थळ त्याच वर्षी निघाले. डिसेंबर २०१४मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी मिळून धोरण केले: आमच्या अनुदानावरचा लेख स्वीकारला गेला की त्याची प्रत भांडारात ठेवा. विज्ञान धोरणाच्या २०२०च्या मसुद्यात संशोधनाच्या राष्ट्रीय भांडाराची कल्पना होती. मसुदा मसुदाच राहिला.

या सगळ्यांत शिक्षेची किंवा बक्षिसाची तरतूद शोधायला गेलात तर हाती फारसे लागत नाही. शोधगंगा चालली, कारण प्रबंधाची प्रत पदवीच्या नियमाला बांधलेली होती.

औंढ्याची वेधशाळा आणि खोडदची दुर्बीण

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ची, २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ची. बातम्यांत जमीन, खर्च आणि रोजगार यांची चर्चा झाली. माझ्या दृष्टीने मराठवाड्यात येणारी याहून मोठी गोष्ट म्हणजे या प्रयोगाची डेटाची शिस्त.

अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जाहीर केली. त्याच दिवशी त्या क्षणाच्या आजूबाजूचा डेटाही सर्वांसाठी ठेवून दिला. त्यातली एक फाइल ३२ सेकंदांची आहे. सेकंदाला ४,०९६ नोंदी, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. आकार एखाद्या मोबाइल फोटोपेक्षा लहान. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची खूण त्यातल्या जेमतेम पाव सेकंदात आहे, आणि ती उघड दिसत नाही, गोंगाटातून गाळून काढावी लागते. गाळायचा प्रोग्रॅमही तिथेच दिलेला आहे. एमएस्सीचा विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर एका दुपारी हे करून पाहू शकतो. अपेक्षित लहरीचा साचा डेटावर फिरवून ती हुडकण्याच्या या पद्धतीवर पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधी पायाभूत काम करून ठेवले होते.

डेटा उघडा ठेवल्याचे परिणाम सगळेच सुखाचे नव्हते. २०१७मध्ये कोपनहेगनच्या एका गटाने हीच फाइल उतरवून घेतली आणि तुमच्या गोंगाटातच संशयास्पद साम्य दिसते, असा आक्षेप घेतला. वाद बराच रंगला. इतरांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि लहरीचा शोध टिकला. पुढे प्रिन्स्टनच्या 'इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी'तल्या गटाने याच सार्वजनिक डेटातून मूळ चमूच्या यादीत नसलेल्या आणखी काही कृष्णविवर-जोड्या शोधल्याचा दावा केला. म्हणजे बाहेरच्यांनी चुकाही शोधल्या आणि भरही घातली. 'आमचा डेटा दिला तर लोक चुका काढतील' ही आपल्या विभागांतली नेहमीची भीती खरी आहे. चुका काढतातच. लायगोचे त्यात नुकसान झाले नाही.

आणखी एक भीती असते, ती म्हणजे मेहनत आपली आणि पेपर दुसऱ्याचा. त्यावरचा तोडगा आपल्याच राज्यात बरीच वर्षे चालू आहे. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीवर, म्हणजे जीएमआरटीवर, वेळ मिळवून ज्याने निरीक्षण केले त्याला डेटावर १८ महिने एकट्याचा हक्क असतो. मुदत संपली की तो सर्वांचा. याचा उत्तम दाखला म्हणजे २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झवर केलेली आकाशाची पाहणी. तिचा कच्चा डेटा भांडारात होता. खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नव्या सॉफ्टवेअरने पहिल्यापासून धुऊन काढला आणि २०१७मध्ये आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत आहेत. नवे निरीक्षण न करता, ३० डिशपैकी एकही न हलवता.

लायगोतही मोठा डेटा साधारण दीड वर्षाने खुला होतो. आपल्या विद्यापीठांना वेगळे काही शोधून काढायची गरज नाही. पदवी मिळाल्यावर दीड-दोन वर्षे डेटा संशोधकाचा, नंतर सर्वांचा, एवढा एक ठराव पुरेल.

५१५ क्रमांकाचा जिल्हा

आता तिसऱ्या कसोटीकडे, म्हणजे जोडता येण्याकडे.

'औरंगाबाद जिल्हा' या नावाखाली साठ वर्षांचे आकडे कुणी एका ओळीत लावले, तर तो आलेख चुकणार. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा झाला. १९८१च्या जनगणनेची शिरगणती त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली होती. म्हणजे १९८१चा जिल्हा एक आणि १९९१चा दुसरा. लोकसंख्या, बागायत क्षेत्र, शाळा, सगळ्यांत अचानक खड्डा दिसेल आणि एखादा हौशी विश्लेषक त्याला दुष्काळाचे कारण चिकटवून मोकळा होईल. उस्मानाबादमधून १९८२मध्ये लातूर निघाला, परभणीतून १९९९मध्ये हिंगोली. मराठवाड्याच्या कुठल्याही जुन्या आकड्याला हद्द कोणती हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

त्यात बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहे. राज्याचा रकाना सुटलेल्या फाइलींत हे दोन जिल्हे एकमेकांत मिसळतात. आता आपल्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नव्या फाइलींत ते कुठे पूर्ण, कुठे 'छ. संभाजीनगर', कुठे इंग्रजी लिपीत चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेले. माणसाला कळते, संगणकाला ते वेगवेगळे जिल्हे वाटतात. उपाय सोपा आहे, नावाशेजारी क्रमांक लिहायचा. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५१५ आहे आणि नामांतराने तो बदलत नाही. गावांनाही असे क्रमांक आहेत. ज्या प्रबंधात गावाच्या नावासोबत तो क्रमांक आहे तो वीस वर्षांनीही दुसऱ्या डेटाशी जुळेल. ज्यात नुसतेच 'पिंपळगाव' आहे, त्याचे काय करायचे? मराठवाड्यात पिंपळगावांना तोटा नाही.

टक्केवारीचेही तसेच. 'जायकवाडी ६५ टक्के' हे शब्द इथे बातमी नसून तंट्याचा मुद्दा असतो. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार, १५ ऑक्टोबरचा साठा पाहून नाशिक-नगरकडून पाणी सोडायचे की नाही हे ठरते. पण ६५ टक्के कशाचे? जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाची मूळ एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, तर उपयुक्त साठ्याची २,१७१. भागाकार कोणत्या आकड्याने केला, त्यात साठलेला गाळ वजा केला का, हे सोबत लिहिलेले नसेल तर दोन संशोधक एकाच दिवशीच्या दोन वेगळ्या टक्केवाऱ्या छापतील आणि दोघेही बरोबर असतील. आकड्यासोबत लिहायच्या या चार ओळींना मेटाडेटा म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम कारकुनी आहे, आणि कारकुनी म्हणूनच ते कुणी करत नाही.

न शोधता येणारी मराठी

इथल्या मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांतले कितीतरी प्रबंध मराठीत आहेत. त्यातले जुने बरेचसे युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेले. कागदावर उत्तम दिसतात. पीडीएफमधली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा बाहेर पडतो, कारण फॉन्ट इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवत होता. परिणामी अशा प्रबंधात 'रझाकार' किंवा 'बलुतेदारी' शोधले तर काही सापडत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या मुलाखती, गावोगावच्या म्हणी, लमाणांच्या तांड्यांचे सर्वेक्षण, सगळे खुले आहे आणि कुणाच्या हाताला लागत नाही. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत, त्यांच्या चुका निस्तरायला मात्र माणूस बसवावा लागतो. विज्ञानाच्या नावाने चाललेल्या चर्चेत या प्रबंधांची आठवण कुणाला होत नाही, म्हणून ती मुद्दाम इथे करून दिली.

अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती

डेटाची एकच प्रत ठेवण्याचा धोका शिकायला छत्रपती संभाजीनगरला लांब जायला नको. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४०च्या दशकात अजिंठ्याला आला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या कॅनव्हासवर नकला करत वर्षानुवर्षे तिथे राहिला. त्याची बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. १८६६च्या आगीत ती जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत त्यातल्या पुष्कळ गेल्या. चित्रे उठून दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी भिंतींवर दिलेले व्हार्निश पुढे मूळ चित्रांनाच बाधले, ते वेगळे. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याचे छायाचित्रांसह चार भाग काढले. ते छापील असल्यामुळे अनेक ग्रंथालयांत पोचले आणि अजून आहेत.

भिंतींवरून तेव्हापासून जे झडून गेले, त्याची साक्ष आज वाचलेल्या नकला, ग्रंथ आणि छायाचित्रे देतात. डेटाच्या भांडारांचा नियम हाच आहे: तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. विभागातल्या एकाच संगणकावर ठेवलेला डेटा हा क्रिस्टल पॅलेसमध्येच आहे.

सगळेच उघडे नको

शेतकरी आत्महत्यांवर मराठवाड्यात भरपूर संशोधन झाले आहे. दोनशे उंबऱ्यांच्या गावातल्या एका कुटुंबाची नोंद घ्या आणि नाव खोडा. वय, जात, जमीन, कर्ज, तारीख एवढे उरले तरी गावातला कुणीही दोन मिनिटांत घर ओळखेल. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या रुग्णांचा डेटा, कौटुंबिक हिंसेच्या मुलाखती, दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे यांचेही तसेच. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधनाला ठरावीक निकषांवर सवलत देतो, पण तिचा अर्थ वाटेल ते वाटेल तिथे टाका असा नाही.

'जीनोम इंडिया'ने यात मधली वाट काढली. देशभरातल्या १०,००० लोकांच्या जनुकांचा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवला आणि जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी खुला केला. मात्र अर्ज करून, उद्देश सांगून, अटी मान्य करूनच तो मिळतो. असा डेटा अस्तित्वात आहे हे सगळ्यांना कळते, आत जायला परवानगी लागते. समाजशास्त्राच्या विभागांनी ही पद्धत उचलावी. 'संवेदनशील आहे' एवढे म्हणून सगळाच डेटा कपाटात कोंबण्याची सवय मात्र सोडावी. विहिरीच्या नायट्रेटला कसली आली गोपनीयता?

यंत्र फुकट, माणूस नाही

भांडाराला खर्च फार येत नाही. विद्यापीठाला स्वतःचे हवे तर डीस्पेस फुकट आहे. नको असेल तर युरोपच्या सर्न प्रयोगशाळेचे 'झेनोडो' आहे. २०१३पासून चालू, जगातल्या कुणालाही खुले, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि ठेवल्याक्षणी कायमचा डीओआय क्रमांक. पैठणच्या विहिरींची ती फाइल तिथे ठेवायला दहा मिनिटे लागतील. आधी ती नीट करायला आठवडा लागेल: एक्सेलमधले रंग आणि जोडलेले चौकोन काढायचे, साधी सीएसव्ही करायची, रिकाम्या जागी शून्य आहे की मोजणीच झाली नाही हे लिहायचे, एकके लिहायची, गावांचे क्रमांक घालायचे, सोबत एक पानभर माहिती जोडायची.

हा आठवडा कुणी द्यायचा? संशोधकाला व्हायवाची घाई असते. गाइडकडे पुढचे विद्यार्थी असतात. ग्रंथालयातला कर्मचारी उचलेगिरी तपासणीच्या अहवालांत बुडालेला असतो. हे काम जाणणारा डेटा ग्रंथपाल परदेशी विद्यापीठांत स्वतंत्र पद म्हणून असतो. आपल्याकडे मंजूर पदेच रिकामी असताना नव्या पदाची गोष्ट काढणे धाडसाचे आहे. तरीही आधी तेच मागावे लागेल, सर्व्हर नंतर.

आणि श्रेयाचे काय? आता केवळ डेटाचे वर्णन करणारे लेख छापणारी नियतकालिकेही आहेत, 'नेचर'च्या प्रकाशकांचे 'सायंटिफिक डेटा' २०१४पासून निघते. अशा लेखाचे इतरांकडून दाखले दिले जातात, तोही पेपरच असतो. त्यामुळे बढतीच्या फॉर्मात तो पेपर म्हणून बसतो. डीओआय घेऊन नुसता ठेवलेला डेटा मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि तो रकाना निघेपर्यंत प्राध्यापकांना याची सक्ती करून फारसे काही साधणार नाही.